भामरे मामांचं ब्रेकेज रजिस्टर

लग्नाच्या लॉनवर, बुफेच्या रांगेत, भामरे मामांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून स्टीलचं ताट, दोन वाट्या, पेला आणि चमचा बाहेर काढला, तेव्हा मी त्यांच्या मागे चौथा होतो आणि त्यांना ओळखत नसल्याचा चेहरा केला होता. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढे अशा बऱ्याच गोष्टी कबूल करायच्या आहेत.

काळ्या कोटातला केटरिंगचा कॅप्टन धावत आला.

"काका, पार्सल नाही हां इथं."

"पार्सल कोणाला पाहिजे? मी इथंच जेवणार."

"मग आपल्या प्लेटा घ्या ना. ढीग पडलाय."

मामांनी ढिगातली एक प्लेट उचलली, दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली. "आणि हे जाणार कुठं?"

"कुठं म्हणजे? जेवून झालं की त्या ड्रमात."

"ड्रम जाणार कुठं?"

"घंटागाडीत."

"घंटागाडी?"

"जात असंल डेपोला."

"आणि तिथून?"

कॅप्टनने आभाळाकडे पाहिलं. रांगेतून एक पाहुणा ओरडला, "ओ काका, तिकडं पनीर कुठं चाललंय ते बघा आधी, संपत आलं!" सगळे हसले. मीही हसलो. मामांनी शांतपणे आपल्या ताटात वरण-भात घेतला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून जेवले, नळावर ताट विसळलं, धोतराच्या जुन्या फडक्याने पुसलं आणि पिशवीत ठेवलं. त्या संध्याकाळी सहाशे माणसांत एकट्या मामांनी काही मागे ठेवलं नाही.

मी नाशिकमध्ये एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. शिवाय पर्यावरण हा सक्तीचा पेपरही माझ्याकडे असतो, कारण तो घ्यायला दुसरं कोणी तयार नसतं. वर्गात मी प्लास्टिकबद्दल इतकं तळमळून बोलतो की मागच्या बाकावरची मुलं जागी होतात. आणि घरी, आई गेल्यावर वर्षभरात, तिचं नाव घातलेली सगळी स्टीलची भांडी मी मोडीत देऊन त्याबदली नॉनस्टिकचा सेट आणला होता. तो सेट दीड वर्षात खरवडून गेला. आईची भांडी कुठं गेली ते मला माहीत नाही. म्हणूनच मामांचा तो प्रश्न मला कधी विनोदी वाटला नाही. हसलो, पण वाटला नाही.

भामरे मामा आमच्याच कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. प्रयोगशाळेतल्या सहाय्यकाला मामा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे, पण हे मामा भाच्यांचे लाड करणाऱ्यांतले नव्हते. परीक्षानळी पाहिजे? इश्यू रजिस्टरमध्ये सही. परत केली? सही. फुटली? ब्रेकेज रजिस्टरमध्ये सही, आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या हाताने कारण. 'हातातून पडली' एवढं चालायचं नाही. का पडली ते लिहायचं. एका विद्यार्थ्याने 'ती खिडकीतून दिसली म्हणून' असं लिहिलेलं मामा अजून सांगतात. त्या दोघांचं पुढे लग्न झालं आणि मामा त्या लग्नालाही ताट घेऊन गेले. एकदा पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवताना खुद्द प्राचार्यांच्या कोपराने बीकर फुटला. मामा पाहुण्यांसमोर रजिस्टर घेऊन उभे. "सर, सही." प्राचार्यांनी सही केली आणि शेऱ्यात लिहिलं, 'उत्साह.'

सहा वर्षांपूर्वी मामा निवृत्त झाले. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत आमची चार मजली इमारत आहे, तिथे तळमजल्यावर त्यांचा फ्लॅट. महिन्याभरात त्यांच्या हॉलमधला सोफा गेला आणि लोखंडी मांडण्या आल्या. त्यावर दोनशे चाळीस स्टीलची ताटं, तेवढ्याच वाट्या आणि पेले. कार्यक्रम कोणाचाही असो, बारसं, हळदीकुंकू, भंडारा, गणपतीचा महाप्रसाद, ताटं मामांकडून न्यायची, घासून परत आणायची. भाडं नाही. फक्त सही.

ही ताटं लोकांनीच दिलेली. प्रत्येकाच्या घरी माळ्यावर असतात तसली, रुखवतातली, वास्तुशांतीची, कोणाच्या तरी स्मरणार्थ वाटलेली. जाड, जुनी, आणि काठावर बारीक टिंबाटिंबांच्या अक्षरांत नाव घातलेली. त्यामुळे आमच्या भागातल्या पंगतीत एक वेगळीच गंमत सुरू झाली. ताट समोर आलं की लोक आधी नाव वाचायचे.

"मला सौ. कमल आल्यात. तुला कोण?"

"मला चि. संजयच्या मुंजीची भेट."

"माझ्याकडं कै. दगडू महादू. च्यायला, गोड कसं लागंल?"

एकदा आमच्या वॉर्डातल्या एका पुढाऱ्याला नेमकं त्यांच्या विरोधकाच्या आजोबांचं ताट आलं. त्यांनी ते गुपचूप शेजारच्याशी बदललं. मामांनी लांबून पाहिलं आणि गरजले, "साहेब, इश्यू झालेलं परस्पर बदलायचं नसतं!"

मामा सातारा-पुण्याकडचे नव्हेत, सटाण्याकडचे. चाळीस वर्षं नाशकात काढून बोलणं शहरी झालेलं, पण संतापले किंवा खूश झाले की अहिराणी उसळून येते. वाढदिवसाला कोणी फुगे लावले की दारात उभे: "हाई काय शे? हे जाणार कुठं?" पुष्पगुच्छ दिला तर तेच. आमच्या कॉलेजच्या मागच्या टेकाडावर दर जुलैत वृक्षारोपण होतं. मामा तिथे खड्ड्यांची वही घेऊन येतात. मागच्या वर्षी पाहुण्यांनी रोप हातात घेतलं, फोटोवाला सरसावला, तेवढ्यात मामा म्हणाले, "साहेब, हा खड्डा तिसऱ्यांदा इश्यू होतोय. आधीचे दोन ब्रेकेजमध्ये गेलेत." पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत होतो.

आणखी एक खोड. ताटं परत नेली की मामा ती मोजत. डोळ्यांनी नव्हे. एकेक ताट उचलून काठावर टिचकी मारायची, आवाज ऐकायचा, ढिगावर ठेवायचं. मोजून झालं की "बठ्ठं बराबर शे." म्हणजे सगळं बरोबर आहे. आणि मग पेन उघडून विचारायचं, "जेवायला काय होतं?"

"वरण-भात, भाजी, जिलबी."

"भाजी कशाची?"

"वांग्याची."

"सुकी का रश्श्याची? वांगं काटेरी का लांब? जिलबी गरम होती?"

हे सगळं ते इश्यू रजिस्टरच्या शेऱ्यात टिपून घेत. लोकांचा समज असा की मामा खादाड आहेत, बोलावलं नाही म्हणून टोमणा मारतायत. मग पुढच्या वेळी बोलावणं जायचं. मामा यायचे, अर्धी पोळी खायचे आणि शेजारच्याला विचारत बसायचे, "तुम्हाला आमटी कशी वाटली? चिंचेची का आमसुलाची?"

दारात उभं राहून मामांना जेवणाचं सांगत असताना आतून भांडी लावल्याचा आवाज यायचा. मामी आत असतात, त्यांना दिसत नाही, काचबिंदूने नजर गेलेली, एवढं मला माहीत होतं. सहा वर्षांत मी त्या दारात किती सह्या केल्या त्याची गणती नाही. हॉलच्या पुढे गेलो नव्हतो. कोणीच जात नव्हतं. ताटांनी हॉल भरलेला, बसायला जागा नाही, सही करायची आणि निघायचं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

यंदाच्या जानेवारीत आमच्या कॉलेजच्या मैदानावर रविवारी 'हरित मेळा' भरवायचं ठरलं. बियांची अदलाबदल, जुनी पुस्तकं, घरच्या कचऱ्याचं खत कसं करायचं, असं सगळं. निमंत्रक मी. जेवणात सुरगाण्याच्या बायका नागलीच्या भाकरी थापणार, बरोबर पिठलं, ठेचा आणि शिरा. ताटं अर्थात मामांची. दोनशे.

मेळा छान झाला. थंडी अशी होती की चुलीभोवतीच जास्त गर्दी. शेवटी थोडा शिरा उरला. पर्यावरणाचा प्राध्यापक शिरा टाकून देईल का? मी एका ताटात तो भरला, कोणीतरी वर तुळशीचं पान ठेवलं, गाडीत घालून घरी आणला, ओट्यावर ठेवून बायकोला म्हणालो, "अनू, शिरा आहे," आणि जाऊन झोपलो. दमलो होतो. सकाळी उठलो तेव्हा तो शिरा आणि ते ताट माझ्या डोक्यातून पार पुसलं गेलं होतं.

दुपारी कॉलेजात ताटं मोजली. एकशे नव्व्याण्णव.

पुन्हा मोजली. एकशे नव्व्याण्णव.

कँटीन पालथं घातलं. हॉस्टेलवर निरोप पाठवले. सुरगाण्याच्या बायकांना फोन केला, त्यातली एक म्हणाली, "सर, आम्ही भाकरी दिल्या, ताट कशाला न्यू?" आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. फक्त घरी विचारलं नाही. अनूला सांगायची लाज वाटली. तिला एका शब्दाने विचारलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती.

त्या संध्याकाळी मी भांडी बाजारात गेलो. जुन्या वजनाचं ताट मिळवायला चार दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदाराने ताट कागदात गुंडाळता गुंडाळता सवयीने विचारलं, "नाव टाकू? लगेच होतंय."

"नको."

"टाका की. कोणाचं तरी असतंच ना नाव."

"नको म्हटलं ना!" मी इतक्या जोरात बोललो की गल्ल्यावरच्या आजीने मान वर केली.

ते कोरं ताट मी ढिगाच्या बरोबर मध्ये घातलं. मामांनी टिचक्या मारत दोनशे ताटं मोजली. एकदा, सव्वाशेच्या पुढे कुठेतरी, त्यांचं बोट थांबल्यासारखं वाटलं. मग पुढे गेलं.

"बठ्ठं बराबर शे," मामा म्हणाले. "जेवायला काय होतं?"

मी नागलीच्या भाकरीपासून शिऱ्यातल्या बेदाण्यापर्यंत सगळं सांगितलं. गरजेपेक्षा जास्तच सांगितलं.

त्यानंतरचा महिना मी चोरासारखा काढला. तळमजल्यावरून जाताना फोन कानाला लावायचा. मामा समोर आले तर "मीटिंग आहे, मामा." रविवारी मीटिंग? "हो, ऑनलाइन." वर्गात 'वैयक्तिक जबाबदारी' हा घटक आला तेव्हा मी मुलांना तो घरी वाचायला सांगितला.

फेब्रुवारीत सोसायटीची बैठक तिसऱ्या मजल्यावर शकुंतलाबाई देवऱ्यांकडे होती. शकुंतलाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, दिवाळीनंतरच इथे राहायला आलेल्या. विषय होता ओल्या कचऱ्याचा खड्डा. चर्चा दोन तास चालली आणि खड्डा कोणाच्याही खिडकीखाली नको यावर एकमत झालं. मग चिवडा आला. मी ताट हातात घेतलं आणि सवयीने काठ पाहिला. टिंबाटिंबांत 'सौ. शकुंतला'. आवाज ऐकावासा वाटला म्हणून टिचकी मारली. हा आवाज मी सहा वर्षं ऐकत होतो.

"बाई, हे ताट..."

"जुनं आहे, प्रोफेसर. सिन्नरहून सामान आणताना माझी दोन ताटं हरवली होती. आणि गंमत बघा, संक्रांतीला तुमच्या मिसेसनी तिळाच्या वड्या पाठवल्या त्या ह्याच ताटात! तुमच्याकडं कुठून आलं?"

मी चिवडा तसाच ठेवून खाली धावलो.

"अहो, तुम्हीच नाही का आणलं?" अनू म्हणाली. "शिरा, वर तुळशीचं पान. मला वाटलं, वर पूजा असेल, नव्या बाईंनी प्रसाद दिला असेल. ताटावर नाव होतंच त्यांचं. मग रिकामं कसं परत द्यायचं? दोन दिवस थांबले, वड्या केल्या आणि दिलं पाठवून."

"पण ते भामरे मामांचं होतं!"

"मग तुम्ही सांगायचं ना! 'शिरा आहे' एवढंच म्हणालात आणि घोरायला लागलात."

मी पुन्हा तिसरा मजला गाठला आणि बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा नाकावर घेतला आणि ताट माझ्यासमोर धरलं.

"नाव वाचा."

"सौ. शकुंतला."

"माझं नाव काय?"

"शकुंतला, पण..."

"झालं तर मग. प्रोफेसर, तेहेतीस वर्षं मुलांच्या सबबी ऐकल्या मी. ही त्यातल्या त्यात नवीन आहे." मग जरा विचार करून म्हणाल्या, "एक करा. तुमच्या त्या मामांना विचारा. ते म्हणाले त्यांचं, तर देईन."

म्हणजे आता कबुली देण्याला पर्याय नव्हता. मी जिना उतरलो. आयुष्यात इतका हळू जिना मी कधी उतरलो नाही.

मामांनी दार उघडलं. मी दारातच बोलायला लागलो. शिरा, एकशे नव्व्याण्णव, भांडी बाजार, कोरं ताट, वड्या, चिवडा. मागे वळून मामांनी मांडणीवरची दुसरी, जुनी, कापडी बांधणीची वही काढली. ब्रेकेज रजिस्टर. पान उघडून माझ्यापुढे धरलं. मेळ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. 'एक ताट बदली आले.' पुढे शेरा. मामांच्या ठसठशीत अक्षरात:

'सर सांगतील.'

मी टेकायला काही शोधलं. पण हॉलमध्ये बसायला जागा नव्हती.

"आत या," मामा म्हणाले.

मांडण्यांच्या मधून आत गेलो तर एक स्वच्छ, उन्हाची खोली. पलंगावर मामी बसल्या होत्या, मांडीवर पंचा, शेजारी पुसायच्या ताटांचा ढीग. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान केली.

"उना का मास्तर?" त्यांनी मामांना विचारलं.

"आला, आला," मामा म्हणाले. "महिना लावला, पण आला."

मामी हसल्या. "सर, तुम्ही ताटं दिलीत त्याच दिवशी मला कळलं. पुसताना एक हाताला आलं, त्याच्यावर काहीच नाही. मी ह्यांना म्हटलं, हाई कोन शे? सगळ्यांना नाव आहे, हिलाच का नाही?" त्यांनी ढिगातलं वरचं ताट उचललं, अंगठा काठावरून फिरवला आणि वाचलं, "कमल." दुसरं. "दगडू महादू." तिसरं. "ही आमची गंगूबाई. हिचा गं अर्धाच आहे."

टिंबांची अक्षरं. त्या ती बोटांनी वाचत होत्या. इतक्या काटेकोर मामांनी ताटांवर नंबर न टाकता नुसती नावंच का ठेवली, ते मला त्या दिवशी कळलं.

"आणि जे हरवलं ते?" मी विचारलं.

मामींनी हातातलं ताट ढिगावर ठेवलं. "ते माझ्या आईचं. शकुंतला. शेवटच्या 'ला'वर एक टिंब जास्तीचं आहे. नाव टाकणाऱ्याला शिंक आली होती. मी शेजारीच उभी होते, नऊ वर्षांची."

"मामा, तुम्ही मला त्याच दिवशी का नाही विचारलंत?"

"मुलांना विचारलं की मुलं खोटं सांगतात," मामा म्हणाले. "वेळ दिला की खरं सांगतात. चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तुम्ही जरा जास्त वेळ घेतला."

मग त्यांनी इश्यू रजिस्टर उघडलं आणि, मी तिथे बसलोय याचा संकोच न करता, रोजच्यासारखं वाचायला लागले. "काल पाटलांकडं बारसं. ताटं चाळीस. मसालेभात, मठ्ठा, बुंदीचा लाडू. लाडू मऊ होता म्हणतात."

"मसालेभातात तोंडली?"

"तोंडली."

"हां," मामी म्हणाल्या, समाधानाने.

मग मामांनी सांगितलं, मामी पूर्वी एकही कार्यक्रम चुकवत नसत. पंगतीत पदर खोचून वाढायला पुढे. नजर गेल्यावरही वर्षभर जात राहिल्या. पण लोक त्यांना कोपऱ्यात बसवायचे, ताट हातात द्यायचे आणि बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ओरडून बोलायचे. "मावशी, इकडं भाजी आहे बरं का!" एक दिवस त्या म्हणाल्या, मी नाही येणार आता.

"मग मी म्हटलं," मामा वहीतून मान वर न करता म्हणाले, "ठीक आहे, तू नको जाऊ. तुझी ताटं जाऊन येतील. काय काय झालं ते मी तुला सांगत जाईन. पहिली एकवीस ताटं हिच्या रुखवतातली आहेत, सर. बाकीची नंतर जमली. पृथ्वी-बिथ्वी वाचवायचं मागाहून आलं, ते पण चांगलंच आहे."

मी हा माणूस सहा वर्षं लोकांना विनोद म्हणून सांगत आलो होतो. त्याच्या टिचक्यांची नक्कल करून कॉमन रूममध्ये हशा मिळवला होता. कोरं ताट ही माझी खरी चूक नव्हतीच म्हणायची. दारात इतक्या सह्या केल्या आणि आत कोण भांडी पुसतंय ते कधी पाहिलं नाही, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात करायची?

एवढ्यात बेल वाजली. शकुंतलाबाई स्वतः ताट घेऊन खाली आल्या होत्या. प्रोफेसरवर विश्वास नव्हता. मामींनी ताट हातात घेतलं, अंगठा अक्षरांवरून सावकाश नेला, शेवटी थांबवला.

"बघा," त्यांनी शकुंतलाबाईंचं बोट धरून त्या टिंबावर ठेवलं. "शिंक. माझ्या आईचं नाव टाकताना टाकणाऱ्याला आलेली."

शकुंतलाबाईंनी ते टिंब स्वतःही एकदा चाचपून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमच्या आईचं आणि माझं नाव एकच हो," आणि ताट मामींच्या हातातून परत काढून घेतलं.

"अहो बाई!" मी ओरडलो.

"ओरडू नका. रिकामं देऊ का? तुमच्या मिसेसना कळतं, तुम्हाला कळत नाही." आणि त्या ताटासकट जिना चढून गेल्या.

मी अस्वस्थ. मामा अस्वस्थ, दारापाशी येरझाऱ्या घालत. "इश्यू न करता गेलं, सर. सही नाही." मामी मात्र निवांत ताटं पुसत होत्या. तासाभराने शकुंतलाबाई उतरल्या, ताटात गरम मेथीची धपाटी आणि लोण्याचा गोळा. मामींनी वास घेतला, काठ चाचपला, ते जास्तीचं टिंब सापडलं आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"माय उनी," त्या म्हणाल्या. आई आली.

धपाटी आम्ही चौघांनी पलंगावर बसून तिथेच खाल्ली. मग मामींनी ते माझं कोरं ताट मागवून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "हिला अशी बिननावाची नाही ठेवता येणार, सर. तुमच्या आईचं नाव काय होतं?"

मोडीच्या दुकानात शेवटचं वाचलं होतं ते.

"मालती."

मामांनी कपाटातून नाव घालायचं मशीन काढलं, चष्मा बदलला, आणि ताट गुडघ्यांत धरून किरकिर किरकिर करत अक्षरं उमटवायला लागले. ब्रेकेज रजिस्टरमधल्या 'सर सांगतील'च्या पुढे त्यांनी लिहिलं, 'सांगितले.' आणि माझी सही घेतली.

चैत्रात आमच्या गल्लीत हनुमान जयंतीचा भंडारा झाला. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. मी वाढायला होतो. पंगतीच्या टोकाला एक रिक्षावाले काका बसले होते. त्यांनी ताट फिरवून वाचलं. "मालती. कोण हो ह्या?"

"आई माझी," मी म्हणालो.

"मग वाढा की हात सैल सोडून," ते म्हणाले. तूप त्यांनी पुन्हा मागून घेतलं.

संध्याकाळी ताटं परत द्यायला गेलो. मामांनी टिचक्या मारून मोजली. सही केली. आत गेलो आणि पलंगाच्या कडेला बसलो. तिथे आता शकुंतलाबाई आधीच बसलेल्या असतात.

"काय जेवल्या मालतीबाई?" मामींनी विचारलं.

"वरण-बट्टी. वांग्याची भाजी, रश्श्याची. आणि तूप, दोनदा."

"त्यांना आवडायचं तूप?"

मी विचार केला. आमच्या घरी तूप पुरवून वापरायचं असे. आईने दुसऱ्यांदा घेतलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवडायचं का, ते मी कधी विचारलंही नव्हतं.

"आवडत असणार," मी म्हणालो.

मामांनी शेऱ्यात लिहिलं: 'तूप दोनदा.'